ऋण काढून सण

अमरावती जिल्ह्यात, भातकुली तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं एक गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, नदीत अंघोळ करतात, मुद्गलेश्वराचं दर्शन घेतात. नावाचा अर्थ अगदी सरळ आहे, ऋणातून सुटका. आता गंमत बघा. ज्या माणसामुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत झालं, त्याच्या आजोळची शेती कर्जापायी सावकाराच्या घशात गेली होती. आणि पुढे पन्नास वर्षं तो माणूस गावोगाव फिरून सांगत राहिला, की बाबांनो, कर्ज काढून सण करू नका.

हा माणूस म्हणजे गाडगेबाबा. आपण सगळ्यांनी शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिलेला असतो. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं, आणि मग तर खराटा पक्काच झाला. पण त्या कीर्तनातला मोठा भाग कचऱ्याबद्दल नव्हताच मुळी. तो घरच्या हिशोबाबद्दल होता. जेवणावळी, नवस, बोकड, दारू, लग्नाचा थाट आणि या सगळ्यासाठी काढलेलं कर्ज. हा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो, म्हणून या वीकेंडला त्याबद्दल.

पण त्याआधी थोडा कापूस. वऱ्हाडची कुठलीही गोष्ट कापसाशिवाय सुरू होत नाही.

"वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण ऐकली असेल. काळी जमीन, कापसाला एकदम झकास. आणि गंमत म्हणजे हा अख्खा प्रांतच एकदा कर्जात गेला होता! हैदराबादच्या निजामाने इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकवला, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली झालं. कागदोपत्री मालक निजामच, पण वसुली इंग्रजांची. म्हणजे गहाणच म्हणा ना. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर हा प्रांत कायमचा भाडेपट्ट्याने घेतला आणि लगेच मध्य प्रांताला जोडून टाकला. गहाण पडलेली वस्तू परत मिळत नाही, हा नियम राजालाही लागू होता तर.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना दुसरीकडे बघावं लागलं आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पण तोपर्यंत युद्ध संपून भाव पडलेही होते. तेजी गेली, कापूस राहिला. ज्या शेतात घरापुरती ज्वारी, तूर व्हायची तिथे विकायचं पीक आलं. गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले.

आता या पिकाचा घरखर्चावर काय परिणाम होतो ते बघा. ज्वारी पेवात असते, थोडी थोडी निघते, शेजाऱ्याला दिसत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि सगळ्या गावाला दिसतो. कोणाच्या किती गाड्या बाजारात गेल्या, काय भाव लागला, हे संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना पाठ. मोजून दोन-तीन महिने हातात पैसा, आणि नेमके तेच लग्नसराईच्या आधीचे. उरलेले नऊ महिने उधारी. आपल्याला दर महिन्याच्या शेवटी पगार होतो म्हणून हे चटकन कळत नाही. पण अशी कल्पना करा, की वर्षाचा सगळा पगार जानेवारीत मिळतो, तो किती आहे हे सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लागतं, आणि मे महिन्यात तुमच्या बहिणीचं लग्न आहे.. मग बघू किती लोक साधं लग्न करतात :)

त्यात इंग्रजांनी जमीन मोजून शेतकऱ्याच्या नावावर केली. ऐकायला चांगलं वाटतं. पण नावावर झालेली जमीन विकता येते, गहाण ठेवता येते आणि कोर्टातून जप्तही होते. आधी सावकार फार तर पीक उचलून न्यायचा, आता त्याला शेतच मिळू लागलं.

या जगात २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला, म्हणजे आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, देबूजी झिंगराजी जानोरकर जन्माला आला. जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला. हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. देबूजी मामाकडे वाढला, गुरं राखली, शेती शिकला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामाची शेती चांगली होती, पण मामा सावकाराच्या कर्जात अडकला आणि शेत गेलं. चरित्रकार सांगतात, की ताबा घ्यायला आलेल्या माणसांना हा तरणाबांड भाचा शेतात उभा राहून नडला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रात हा सगळा भाग आहे, जरूर वाचा, अगदी सिनेमासारखा आहे.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो बारशाचा प्रसंग. देबूजीचं लग्न झालं, पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची अशी रीत. याने गोडाचं जेवण दिलं, लाडू वाढले. नातेवाईक चिडले. साहजिकच आहे, सगळ्यांनी आपापल्या घरी ती रीत पाळली होती, कर्ज काढून पाळली होती. एकाने पाळली नाही तर बाकीच्यांचा खर्च मूर्खपणाचा ठरतो ना! काटकसर करणाऱ्या माणसावर लोक का चिडतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. तो त्यांचं काही घेत नाही, तरी चिडतात.

१ फेब्रुवारी १९०५ ला देबूजीने घर सोडलं. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

आता खरा प्रश्न. मग वऱ्हाडचा शेतकरी बुडाला तो लग्न-बारशांमुळे बुडाला का?

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं एक तयार उत्तरही तितकंच जुनं आहे. साहेब लोकांना ते उत्तर फार आवडायचं. शेतकरी उधळ्या, लग्नात वाट्टेल तसा खर्च करतो, म्हणून कर्जबाजारी होतो. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की शोधाशोध करण्यापेक्षा 'युजरची चूक' असं लिहून तिकीट बंद केलेलं सोपं पडतं. सिस्टिमकडे कोणी बघत नाही.

पण सगळ्यांनीच तिकीट बंद केलं नाही. इथे जरा वऱ्हाड सोडून पुणे-नगरकडे जावं लागेल, कारण शेतकऱ्याच्या कर्जाची पहिली मोठी सरकारी चौकशी तिकडची आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, सावकारांची कागदपत्रं जाळली, आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने आयोग नेमला. आयोगाचं म्हणणं आश्चर्य वाटेल असं होतं. लग्नकार्याच्या खर्चाला उगाच जास्त महत्त्व दिलं जातं. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो हे खरं, पण असे प्रसंग रोज येत नाहीत, आणि कर्जाचं मूळ शोधायला गेलं तर ते लग्नात क्वचितच सापडतं. मग मूळ कुठे? बेभरवशाचा पाऊस, शेतसारा, व्याज, कोर्ट. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यातही त्यांनी हाच आरोप घेऊन खोडून काढला. शेतकऱ्याच्या घरचं लग्न प्रत्यक्षात किती साधं असतं, कपडेलत्ते काय असतात, जेवायला काय असतं, हे वर्णन करून त्यांनी विचारलंय की यात उधळपट्टी कुठे आहे ते दाखवा.

वऱ्हाडातही तसंच. १८८६ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणतात तो हाच. आणि १८९७ ला खास वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराला नियम लावावे लागले, याचा अर्थ वजनात, दलालीत, भावात गडबड होत होती. ही गडबड काही शेतकऱ्याच्या पोरीच्या लग्नात होत नव्हती. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ. म्हणजे काटकसरीने फिटेल असं ते कर्जच नव्हतं.

आणि काटकसर नव्हती असं तरी कोण म्हणेल? वऱ्हाडी घर आतून बघा. कापूस विकला, सरकी ढोरांना, पऱ्हाटी चुलीत. तुरीची डाळ विकायला, चुरी घरात, कुटार गुरांना, तुराट्यांचा कुड. जुन्या लुगड्याची वाकय (वाकळ हो, आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो). ज्वारीच्या भाकरीसोबत अंबाडीची भाजी, ती बांधावर फुकट येते. माझी आजी आगपेटीची काडीसुद्धा मोजून वापरायची, एका दिव्यावरून दुसरा लावायचा, चुलीतला विस्तव राखेत झाकून ठेवायचा. अशा बाईला 'उधळपट्टी करू नका' असं सांगायला जाणाऱ्याची मला खरंच कमाल वाटते.

मग गाडगेबाबा सांगत होते ते साहेबासारखंच नव्हतं का?

मला वाटतं, नाही. आणि या लेखाचा मुद्दा हाच आहे. शब्द सारखे असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेब म्हणत होता, तू खर्च करतोस म्हणून तू गरीब आहेस. बाबा म्हणत होते, तू गरीब आहेस हे त्यांना माहीत आहे, तरी ते तुला खर्च करायला लावतात. साहेबाचं बोट शेतकऱ्याकडे होतं. बाबांचं बोट गावाकडे, भावकीकडे, देवाच्या नावाने बोकड मागणाऱ्यांकडे आणि अंगठा घेणाऱ्याकडे होतं. ते स्वतः त्या पंगतीत वाढले होते, त्यांच्याच मामाचं शेत गेलं होतं. शिव्या दिल्या तरी त्या घरच्या माणसाच्या होत्या, आणि त्याही वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारून, लोकांच्याच तोंडून उत्तर काढून.

आता लोक खर्च का करतात, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही, घरातल्या एका वहीत सापडलं. माझ्या आजोबांची आहेराची वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात कोणी काय दिलं ते लिहिलंय. अमक्या गावचे अमके, पाच रुपये आणि एक खण. तमके, स्टीलचा डबा. आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात खूण, त्यांच्याकडे कार्य निघालं तेव्हा आपण काय दिलं. पाच घेतले होते तर सात दिले. सातवाल्याने पुढे अकरा दिले. मी प्रोग्रॅमर असल्यामुळे मला ती वही बघताच काय आहे ते कळलं. हे लेजर आहे! तीस-चाळीस वर्षांचं, शे-दीडशे घरांमधलं, कोणीही एकटा बंद करू न शकणारं.

म्हणजे लग्नाचं जेवण हा नुसता थाट नसतो. ज्यांनी तुमच्याकडे आहेर केला त्यांची ती परतफेड असते. शिवाय विमाही असतो. पावसाने दगा दिला, बैल मेला, घरात आजारपण आलं, तर याच दीडशे घरांतून कोणीतरी पायली-दोन पायली ज्वारी देणार असतं. बँक दारात उभं करत नाही, सरकार लांब आहे, तेव्हा जे काही आहे ते हे. त्यामुळे "साधं लग्न करा की" असं शहरातून सांगणं सोपं आहे. ज्याने साधं केलं तो त्या वहीत बुडीत खातं ठरतो. बारशाला लाडू वाढल्यावर देबूजीचे भाऊबंद का बिथरले, तेही आता कळतं.

पण या वहीत एक मोठा बग आहे. ती फक्त वरच जाते. पाचाचे सात, साताचे अकरा. ज्याचं पीक बुडालं त्यालाही अकराच द्यावे लागतात, आणि ते सावकाराकडून येतात. विमा म्हणून सुरू झालेली गोष्ट हप्त्यापायीच माणसाला बुडवते.

बाबांनी यावर जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी पंगत बंद करा असं कधीच म्हटलं नाही. उलट आयुष्यभर पंगती घातल्या! ऋणमोचनच्या यात्रेत ते आंधळे, पांगळे, महारोगी, भिकारी यांना बसवून जेवू घालायचे. १९०८ च्या सुमारास त्याच गावात त्यांनी लोकवर्गणीतून नदीला घाट बांधला, त्यांचं पहिलं मोठं बांधकाम. या पंगतीत आणि भावकीच्या पंगतीत फरक एकच. इथे जेवणारा माणूस परत तुम्हाला जेवायला बोलवू शकत नाही. वहीत त्याचं नावच नाही. त्यामुळे पाचाचे सात होत नाहीत. खर्च तितकाच, पण तो तिथेच थांबतो, पुढच्या घरावर चढत नाही.

पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. लाखोंची बांधकामं, आणि स्वतः राहायचे चिंध्यांमध्ये, बायको झोपडीत. लोकांचा पैसा लोकांच्याच कामात राहावा म्हणून १९५२ साली मिशन स्थापन करून सगळा कारभार त्याच्याकडे दिला. म्हणजे प्रतिष्ठेसाठी खर्च करायची जी लोकांची भूक होती, ती मारायची नाही, तिला दुसरा रस्ता द्यायचा. तुला नाव पाहिजे ना? मग जेवणावळीऐवजी धर्मशाळेला खोली बांध.

आणि दुसरा रस्ता म्हणजे शाळा. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित केलेलं आहे. शक्य असेल तर नक्की ऐका, ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज आहे असं वाटत नाही. त्यांचं नेहमीचं सांगणं असं, की ताट नसलं तर भाकर हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी किमतीचं घे, पण पोराला शाळेत घाल. दीड महिन्याने, २० डिसेंबरला, अमरावतीला जाताना वलगावजवळ ते गेले. बाबासाहेब आंबेडकर जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

हे सांगणं वऱ्हाडाने ऐकलं का? अर्धं ऐकलं, असं म्हणता येईल.

माझ्या घरी ऐकलं. बाबांच्या लहानपणी शेतीचा पैसा म्हणजे कापसाचे चुकारे. १९७२ ला एकाधिकार खरेदी सुरू झाली, कापूस फेडरेशनला द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट बघायची. घरात काहीही मागितलं तर उत्तर एकच, "चुकारा येऊ दे मंग पाहू". त्यात आजोबांनी बाबांना अकोल्याला शिकवलं. बाबांनी नोकरी करून मला इंजिनिअर केलं. आमच्या घरी सोफा माझ्या पहिल्या पगारानंतर आला, पण पुस्तकाला कधी 'नाही' ऐकलं नाही. सेकंडहॅंड का होईना, यायचं. हे आमच्या ओळखीतल्या पन्नास घरांबद्दल सांगता येईल. आज पुण्या-बंगलोरला जी वऱ्हाडी पोट्टी भेटतात ना, ती बहुतेक सगळी हातावर भाकर खाऊन शिकलेल्या नाहीतर शिकवलेल्या घरांतली.

पण शाळेचंही काय झालं बघा. अकोल्यात आता शिकवणी वर्गांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. लांबलांबच्या जिल्ह्यांतून पोरं येऊन खोल्या करून राहतात. शेजारच्याच्या पोराला ज्या क्लासला टाकलं त्याच क्लासला आपल्याही पोराला टाकायचं, फी कितीही असो. म्हणजे शिक्षणही आहेराच्या वहीत चढलं! बाबांनी जो खर्च प्रतिष्ठेच्या खर्चातून सोडवून बाजूला ठेवला होता, तोच आता प्रतिष्ठेचा झाला.

आणि जुनी 'युजर एरर'सुद्धा जिवंत आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या काळात शहरातल्या गप्पांमध्ये हे वाक्य हमखास असायचं, "अहो पण हे लोक लग्नात किती उडवतात!" सामूहिक विवाहाला सरकारी अनुदान आलं, ते चांगलंच झालं. ज्या गावाने खर्चाची स्पर्धा लावली त्याच गावाने मिळून ती थांबवायची, हा विचार तुकडोजी महाराजांनीही मोझरीहून अनेक वर्षं मांडला होता. एकट्याने साधं लग्न केलं की तो कंजूष, पन्नास जोडप्यांनी एका मांडवात केलं की ती चळवळ. पण कापसाचा भाव, पाणी आणि कर्ज हे प्रश्न मांडवात सुटत नाहीत. १८७६ च्या आयोगाला जे दिसलं होतं ते आपल्याला परत परत का दिसत नाही, कोण जाणे.

आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, हे काही वेगळं नाही. फक्त सावकाराचं नाव ईएमआय आहे आणि पारावरच्या गप्पा फोनवर येतात. टीममधल्या एकाने टू बीएचके घेतला की उरलेल्या सहा जणांचे बिल्डरकडे फोन सुरू होतात. एकाने गोव्यात लग्न केलं की दुसऱ्याला उदयपूर. आणि वर वर्तमानपत्रं सांगणार, की तुम्ही बाहेर कॉफी पिता म्हणून तुमचं घर होत नाही. वाचलं की मला सुप्याचा आयोग आठवतो. घरांच्या किमती राहिल्या बाजूला, कॉफी पकडली.

तर माझ्यापुरता हिशोब असा आहे. मला कोणी 'खर्च कमी कर' म्हटलं की मी आता दोन गोष्टी बघतो. सांगणारा कोण आहे, तो त्या पंगतीत बसलेला आहे की वरून बघतोय. आणि वाचलेला पैसा कुठे जाणार, हे तो सांगतो की नाही. गाडगेबाबा दोन्ही कसोट्यांवर उतरतात. बाकीचे फारसे कोणी उतरत नाहीत.

हे सगळं आत्ताच डोक्यात यायचं कारणही सांगून टाकतो. पुढच्या मे महिन्यात माझं लग्न आहे. मुलगी अमरावतीची, तीही माझ्याच लाइनमध्ये. आम्हा दोघांचं म्हणणं रजिस्टर करावं आणि घरच्या पन्नास-साठ माणसांचं जेवण. बाबांचं म्हणणं आठशे पानं.

मी बाबांना गाडगेबाबा सांगून पाहिले. मिशनच्या कामाला काही देऊ, मोठ्या बाबांच्या नातीची होस्टेलची फी भरू, असा प्रस्ताव ठेवला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुहं सारं बरोबर हाय राजा. पन मले एक सांग. तुह्या कॉलेजच्या फीले जे तीन जन धावले होते, ते त्या वहीतलेच होते का नाई? त्याईले काय सांगू, आमी आता सुधारलो म्हनून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. ती तीन घरं मला माहीत आहेत. एकाने बैल विकून पैसे आणून दिले होते, आणि त्यावर त्याने कधी व्याज मागितलं नाही.

आत्याने मध्यस्थी केली. सध्या आकडा साडेचारशेवर आहे. आहेर घ्यायचा नाही, हे बाबांनी मान्य केलंय. म्हणजे निदान आमच्याकडून तरी साताचे अकरा होणार नाहीत. जेवण गावी, शेतात, हॉल नाही. आणि त्या तिघांच्या घरी मी स्वतः पत्रिका घेऊन जाणार. बँडवर अजून बोलणी सुरू आहेत.